मापात पाप ग्राहकाचेही



गेल्या उन्हाळ्यात असरच्या नमाजनंतर एका नमाजी बंधूने मला थांबवून विचारले, "मौलाना, सीताबर्डीवरचं खेळण्यांचं मोठं दुकान बंद होऊन राहिलं. सगळा माल अर्ध्या किमतीत आहे. पण दुसऱ्याच्या नुकसानीतून आपण फायदा घ्यावा का? जायज आहे का?" मी उभ्या उभ्या उत्तर दिले, "माल हलाल, सौदा उघड, दोन्ही बाजू राजी. खुशाल घ्या." ते समाधानाने गेले. माझे उत्तर चुकीचे नव्हते, पण ते अपुरे होते. किती अपुरे, ते मला चारच दिवसांनी माझ्या स्वतःच्या घरात कळले. तीच हकीकत आज आपल्यासमोर ठेवतो. तिच्यातील दोषी व्यक्ती मी स्वतः आहे.

माझ्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन मी त्या दुकानात गेलो. दारावर मोठा कापडी फलक होता: दुकान बंद होत आहे, सर्व मालावर पन्नास टक्के सूट. आत पाऊल टाकताच मन जरा दचकले. वरच्या मजल्याचा जिना दोरी बांधून बंद केलेला. निम्मी कपाटे रिकामी, आणि त्या रिकाम्या कपाटांवरही चिठ्ठ्या: हे कपाट विकणे आहे. एका कोपऱ्यात तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल आपल्या चाकांवर ओळीने उभे होते. पोळ्याला अजून अवकाश होता, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हते. बाकी सर्वत्र गर्दी. मुले हरखलेली होती, मोठी माणसे हिशेब करत होती.

मुलीने एक बाहुलीघर पसंत केले. छापील किंमत अठराशे, सवलतीनंतर नऊशे. डब्याचा एक कोपरा फाटलेला होता. आतील वस्तू पूर्ण शाबूत होती, हे मी स्वतः उघडून पाहिले होते. तरीही पन्नाशी ओलांडलेल्या विक्रेत्याला मी म्हणालो, "काका, डबा फाटलेला आहे. असा माल कोण घेणार? आणि दोन दिवसांनी तर तुम्हाला हा टाकूनच द्यावा लागेल. सातशे करा." ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बावीस वर्षं झाली मौलाना इथं. डबा फाटला म्हणून खेळणं वाईट, असं लेकरं म्हणत नाहीत." एवढे बोलून ते गल्ल्यावर बसलेल्या मालकांकडे गेले. मालकांनी मान हलवली. सातशेला सौदा झाला. दोनशे रुपये वाचले, आणि खरे सांगतो, मला आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी माझी मुलगी तिच्या धाकट्या भावाबरोबर दुकान-दुकान खेळत होती. भाऊ दुकानदार, ती ग्राहक. त्याने विकायला मांडलेल्या बाहुलीकडे बोट दाखवून ती ओठ मुरडत म्हणाली, "असा माल कोण घेणार? दोन दिवसांनी टाकूनच द्यावी लागेल." स्वर माझाच होता. शब्दही माझेच. भावाचा चेहरा पडला. त्याने बाहुली उचलली आणि छातीशी धरली.

वाचकहो, मुलांचा खेळ ही क्षुल्लक गोष्ट नाही. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या आणि पंखांचा घोडा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाहिला, त्याविषयी विचारले, आणि त्यांचे उत्तर ऐकून ते हसले. हजरत अनस (रजि.) यांच्या चिमुकल्या भावाचा खेळायचा पक्षी मेला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या पक्ष्याची आपुलकीने विचारपूस केली. ज्या खेळाकडे अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) एवढे लक्ष दिले, त्या खेळात मुले आपल्याकडून काय उचलत आहेत, याकडे आपले लक्ष असू नये काय? माझ्या मुलीला मी खेळणे दिले, आणि त्याबरोबर समोरच्याची वस्तू तुच्छ कशी ठरवावी याचा धडाही दिला.

त्या रात्री मला हजरत शुऐब (अलै.) यांच्या कौमची आठवण झाली. मदयनच्या त्या व्यापारी लोकांना त्यांनी जे बजावले, ते कुरआनने सूरह अल-आराफ, सूरह हूद आणि सूरह अश-शुअरा अशा तीन ठिकाणी नोंदवले आहे. माप आणि तोल पूर्ण द्या, हा त्याचा पहिला भाग आपण सारे जाणतो. आपल्या मराठीत 'मापात पाप' हा वाक्प्रचारच रूढ आहे आणि तो उच्चारताना डोळ्यांसमोर येतो तो तराजूची दांडी मारणारा दुकानदार. पण त्याच आयतीत पुढे दुसरा हुकूम आहे: लोकांच्या वस्तू त्यांना कमी करून देऊ नका. यासाठी आलेला मूळ शब्द 'बख्स' या धातूचा आहे. बख्स म्हणजे घटवणे, उणे करणे. इमाम कुर्तुबी (रह.) आपल्या तफसीरमध्ये याचा खुलासा करतात की बख्स केवळ मापात होत नाही. मालात खोट काढणे, त्याविषयी समोरच्याचे मन उतरवणे, किमतीबाबत फसवणे, हे सारे बख्सच होय.

येथे थांबून विचार करा. तोलात लबाडी बहुधा विकणारा करतो. पण मालाला नावे ठेवून त्याचे मोल घटवणे हे काम मुख्यतः कोण करतो? घेणारा. म्हणजे मदयनच्या बाजारातील तो इशारा गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आहे. ग्राहकाच्या हातात तराजू नसतो, पण त्याच्या जिभेवर एक माप असते. आणि त्या मापातही पाप होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आयतीतील शब्द 'अन-नास' आहे, म्हणजे लोक. ईमानवाल्यांच्या वस्तू असे तेथे म्हटलेले नाही. दुकानदार कोणत्या धर्माचा, ओळखीचा की अनोळखी, हा प्रश्न या हुकमात उद्भवतच नाही.

आपण म्हणाल, मौलाना, मग घासाघीस करूच नये काय? महागाईच्या दिवसांत चार मुलांच्या घरात दोनशे रुपये ही लहान रक्कम नाही. आपला प्रश्न रास्त आहे. भाव करणे गुन्हा नाही. एका प्रवासात प्रेषितांनी (स.) हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून त्यांचा थकलेला उंट विकत घेतला, आणि त्याचा भावही केला. पण शेवट पाहा. मदीनेस पोहोचल्यावर त्यांनी ठरलेली किंमत दिली, वर जास्त दिले, आणि उंटही परत केला. भाव करताना माणसाचा मान राहावा, त्याच्या अडचणीचे भान राहावे, ही शिकवण त्या व्यवहारात आहे. माझ्या खिशाला एवढेच परवडते, असे म्हणणे सत्य आहे. चांगल्या मालाला वाईट म्हणणे असत्य आहे. दोन्हींनी किंमत उतरते, पण अल्लाहच्या दरबारी दोन्हींचा हिशेब एक नाही.

हजरत जरीर इब्ने अब्दुल्लाह (रजि.) यांची हकीकत याहून पुढची आहे. त्यांच्यासाठी तीनशे दिरहमांत एका घोड्याचा सौदा ठरला. घोडा पाहून त्यांनी स्वतःच मालकाला सांगितले की तुझ्या घोड्याचे मोल याहून अधिक आहे, आणि टप्प्याटप्प्याने किंमत वाढवत आठशेपर्यंत नेली. ग्राहक भाव चढवतो आहे, असे दृश्य आपण कधी पाहिले आहे काय? कारण विचारले असता त्यांनी सांगितले की प्रत्येकाचे भले चिंतण्याची बैअत मी प्रेषितांच्या (स.) हाती केली आहे. आपण सारे जरीर (रजि.) होऊ शकणार नाही. पण भाव चढवणे जमत नसेल, तर निदान खोटी नावे ठेवून तो पाडू नये, एवढे तर आपल्या आवाक्यात आहे.

आता बंद होणाऱ्या दुकानाकडे वळू. तेथे विकणारा अडलेला असतो. जागेचे भाडे, घेतलेले कर्ज, नोकरांचा पगार, आणि ठरलेली शेवटची तारीख. अबू दाऊदमध्ये अडलेल्या माणसाच्या विक्रीसंबंधी मनाई सांगणारी एक हदीस आहे. तिची सनद दुर्बल आहे, तरी तिचा अर्थ उलमांनी बारकाईने उलगडला. इमाम खत्ताबी (रह.) दोन प्रकार सांगतात. ज्याला जबरीने विकायला लावले, त्याची विक्रीच ग्राह्य नाही. जो कर्जामुळे किंवा हलाखीमुळे पडेल भावाने विकतो, त्याची विक्री कायद्याने पूर्ण होते. मात्र दीन आणि माणुसकी यांची मागणी अशी की त्याच्या नडीचा लाभ उठवण्याऐवजी त्याला मदत द्यावी, उसने द्यावे, सवड द्यावी. पाहा, 'जायज आहे का' या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच वाक्यात मिळाले. त्यानंतरही इमामसाहेब थांबले नाहीत. मी मात्र मशिदीच्या पायरीवर पहिल्या वाक्यातच थांबलो होतो.

म्हणून बंद होणाऱ्या दुकानात जाऊच नये काय? जावे. ग्राहक फिरकला नाही तर दुकानदाराची अडचण वाढेल. त्याने स्वतः जाहीर केलेल्या सवलतीत घेणे ही त्याला मदतच आहे. प्रश्न जाण्याचा नाही. तेथे आपण काय बोलतो आणि कोणाकडे पाहतो, हा आहे.

कोणाकडे पाहतो, असे मुद्दाम म्हणतो. कारण बख्स फक्त वस्तूंचा होत नाही. माणसांच्या आयुष्याचाही होतो. आपल्या नागपूरला हे सांगावे लागू नये. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांनी सुरू केलेली एम्प्रेस मिल या शहराच्या कित्येक पिढ्यांनी पाहिली. ती बंद पडली, आणि आज त्या जागी मॉल उभा आहे. सुटीच्या दिवशी आपण मुलांना तेथे नेतो. यंत्रे गेली, इमारती गेल्या. ज्या हातांनी तेथे सूत काढले, त्या हातांच्या वर्षांचे मोल कोणत्या वहीत लिहिले गेले, हे त्या झगमगाटात कोणाला आठवते?

खेळण्यांच्या दुकानांच्या बाबतीत जगातील सर्वांत मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. टॉईज आर अस हे नाव आपण ऐकले असेल. चार्ल्स लाझारस यांनी 1948 मध्ये लहान मुलांच्या सामानाचे दुकान थाटले, त्यातून ही कंपनी वाढली. तिच्या नावातील 'आर' हे अक्षर उलटे लिहिलेले असे, जणू एखाद्या मुलाने लिहिले आहे. 2005 मध्ये बेन कॅपिटल, केकेआर आणि व्होर्नाडो या तीन गुंतवणूकदार संस्थांनी ती सुमारे 6.6 अब्ज डॉलरना विकत घेतली. खरेदीची बहुतांश रक्कम कर्जाऊ होती, आणि ते कर्ज खरेदीदारांच्या नव्हे, तर कंपनीच्याच माथी बसले. त्यानंतर दरवर्षी सुमारे 40 कोटी डॉलर केवळ व्याजात जाऊ लागले. ऑनलाइन विक्री आणि इतर दुकानांची स्पर्धा होतीच. पण जो पैसा दुकाने सुधारण्यास लागला असता, तो व्याजाच्या तोंडी गेला. सप्टेंबर 2017 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. 15 मार्च 2018 रोजी अमेरिकेतील सारी दुकाने बंद करण्याची घोषणा झाली. तिच्या एकाच आठवड्यानंतर लाझारस वारले. वय 94. जूनअखेर शेवटची दुकाने मिटली.

ते अखेरचे आठवडे कसे असतील, याची कल्पना मला आता करता येते. तेच फलक, तीच सवलत, कपाटांवर त्याच चिठ्ठ्या. सवलतीच्या त्या गर्दीला माल वाटून देणारे तीस हजारांहून अधिक कामगार स्वतः बेकार होत होते. त्यांपैकी कित्येकांची उमर त्या दुकानांत गेली होती. नोकरी सुटताना मिळणारी भरपाई त्यांना मिळणार नव्हती. त्यांनी आवाज उठवला, मोर्चे काढले. अखेर नोव्हेंबर 2018 मध्ये केकेआर आणि बेन यांनी मिळून दोन कोटी डॉलरचा निधी त्यांच्यासाठी काढला. ही रक्कम त्या कंपनीच्या व्याजाशी ताडून पाहा. एका वर्षाच्या व्याजाचा तो विसावा हिस्सा होतो. व्याजाने जे गिळले आणि श्रमाच्या वाट्याला जे आले, यांतील अंतर यातून ध्यानात यावे.

सूदसंबंधीच्या कुरआनच्या आयती आपण वरचेवर ऐकतो. सूरह अल-बकरामध्ये त्याच प्रकरणात सांगितले आहे की कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड मिळेपर्यंत मुदत द्या, आणि सोडून दिले तर ते तुमच्यासाठी अधिक चांगले. जेथे सूद आहे तेथे सवड नाही, कारण प्रत्येक उगवता दिवस कर्ज वाढवतो. आणि मजुरासंबंधी बुखारीतील ती हदीस आठवा, जिच्यात अल्लाह स्वतः कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध उभा राहील असे सांगितले आहे. त्यांतील एक तो, ज्याने मजुराकडून काम पूर्ण घेतले आणि मोबदला दिला नाही.

आपण म्हणाल, अमेरिकेतील अब्जाधीशांच्या कारभाराशी फाटलेल्या डब्याचा काय संबंध? रकमेने काहीच नाही. प्रवृत्तीने आहे. समोरच्याकडे जे आहे ते त्याच्या नडीमुळे आपल्याला स्वस्तात मिळते आहे, मग ते आणखी स्वस्त का करू नये? हा विचार कोट्यवधींच्या खरेदीत असतो, आणि दोनशे रुपयांतही असतो. आपल्या मराठीत 'भाव' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. किंमत, आणि मनातील भावना. बाजारात पहिला भाव पाडता पाडता दुसराही कधी पडतो, हे कळत नाही.

सहीह मुस्लिममध्ये दिवाळखोर कोण, याविषयी प्रसिद्ध हदीस आहे. प्रेषितांनी (स.) सहाबांना विचारले की मुफलिस कोणाला म्हणावे. त्यांनी उत्तर दिले, ज्याच्याजवळ पैसाही नाही आणि सामानही नाही तो. प्रेषितांनी (स.) सांगितले की माझ्या उम्मतचा दिवाळखोर तो, जो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचे धन खाल्लेले असेल. मग त्याची पुण्ये त्या लोकांना वाटून दिली जातील, आणि ती संपली की त्यांची पापे याच्या माथी येतील. वाचकहो, त्या दुकानातील मालक आणि विक्रेते दिवाळखोर नव्हते. दिवाळखोरीच्या वाटेवर त्या दुपारी एक इमाम उभा होता, ज्याच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत स्वस्तात पडलेले बाहुलीघर.

मी तिसऱ्या दिवशी मुलीला बरोबर घेऊन पुन्हा गेलो. गल्ल्यावर दोनशे रुपये ठेवले. मालक म्हणाले, "बिल झालं मौलाना, आता ते बदलत नाही," आणि नोटा माझ्याकडे सरकवल्या. मी त्या विक्रेत्या काकांना शोधले. ते लाकडी बैल एका खोक्यात भरत होते. मी म्हणालो, "काका, परवा मी तुमच्या मालाला उगाच नाव ठेवलं. आत सगळं ठीक आहे, हे मला माहीत होतं. माफ करा." ते हसले नाहीत, भावुकही झाले नाहीत. "होते असं," एवढेच म्हणाले. मग मी विचारले, पुढे काय करणार. ते म्हणाले, "भाच्याचं किराणा दुकान आहे काटोल रोडला. तिथं पाहतो. तिथं लेकरं कमी येतात." मकतबच्या मुलांसाठी मी एक कॅरम बोर्ड घेतला. त्यांनी सांगितलेली किंमत दिली. "उघडून पाहता का?" त्यांनी विचारले. मुलगी माझ्याआधीच म्हणाली, "नको काका."

याने माझा दोष धुतला गेला, असा माझा दावा नाही. बोललेला शब्द परत घेता येत नाही. फक्त ज्या कानांनी पहिला शब्द ऐकला होता, त्यांनी दुसराही ऐकावा, एवढे मला हवे होते.

आपल्या शहरांत दुकाने उघडतील आणि बंद होतील. आपण मुलांना घेऊन जाल तेव्हा एवढे करा. जाहीर सवलत निःसंकोच घ्या. न परवडल्यास तसे स्पष्ट सांगा, पण चांगल्या मालात खोट काढू नका. वस्तू देणाऱ्या माणसाला सलाम किंवा नमस्कार करा, आणि मुलांदेखत त्याची विचारपूस करा. आणि एखाद्या ओळखीच्या दुकानदाराचे शटर कर्जामुळे खाली येत असेल, तर शेवटच्या सवलतीची वाट पाहू नका. त्याआधी त्याच्या दारी जा. कर्जात बुडालेल्या माणसाला कुरआनने जकातच्या आठ हक्कदारांत स्थान दिले आहे. आणि बिनव्याजी उसने देण्यासाठी तर जकातच्या हिशेबाचीही वाट पाहावी लागत नाही.

अल्लाह आपल्या मापाला आणि जिभेला न्याय देवो, आणि आपल्या मुलांनी आपल्याकडून उचलावे असे काही आपल्या हातून घडवो. आमीन.